कन्सोलची मखमली खोळ

हे मी सांगायचे नाही, असे ठरले होते. घरातले घरात राहावे, असे आईने बजावले आहे. म्हणून गावाचे नाव सांगत नाही आणि ही आत्या कोणाची, तेही सांगत नाही.

एका गावात एक आत्या राहत होती. तिचे नाव कुमुद. वस्तू जपण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिच्या फ्रिजला झालर होती, मिक्सरला टोपडे होते आणि रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहत असे. पाहुणे सोफ्यावर बसले की खालचे प्लास्टिक करकर वाजे.

तिची मुलगी केतकी मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये तरबेज होती. एका स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत पोचली. फेरी रविवारी, घरूनच, इंटरनेटवर खेळायची होती. जिंकली तर तिला राज्याच्या संघात जागा मिळणार होती.

तिच्यासाठी घरात गेमिंग कन्सोल आला तेव्हाच आत्याने त्याचे माप घेतले होते. जुन्या मखमली पडद्याची खोळ शिवली, तारांपुरते भोक ठेवले, आणि कन्सोल शोकेसमध्ये बाहुल्यांशेजारी बसवून काच सरकवली. कन्सोल बाजूच्या फटींतून गार हवा ओढतो आणि मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतो. खोक्यावर तसे चित्रच होते. ते खोकेही आत्याने चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले होते.

खेळताना आतला पंखा घोंघावू लागला. पोटात धूळ गेली असणार, असे आत्याचे मत पडले. तिने फटींवर चिकटपट्टी लावली, म्हणजे झुरळही शिरायला नको. मग कन्सोल मध्येच बंद पडू लागला. केतकीने सांगून पाहिले. केतकीची एक मामेबहीण होती, फारशी न बोलणारी. तिने काचेला हात लावला तर काच तव्यासारखी तापलेली. तिनेही सांगितले. तिला पोह्यांची बशी देऊन गप्प बसवण्यात आले.

"तान्ह्या बाळाला कोणी उघडं ठेवतं का?" आत्या म्हणाली.

"आई, हे बाळ गुदमरतंय."

मग नजर लागली असेल, असे म्हणून आत्याने मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्याही खोळीवरून.

रविवारी केतकीने खोळ काढली, चिकटपट्टी सोलली, काच उघडी ठेवली. आज कशालाही हात लावणार नाही, असे आत्याकडून कबूल करून घेतले. शर्यत सुरू झाली. केतकीची गाडी सगळ्यांच्या पुढे होती. तेवढ्यात शेजारच्या काकू बघायला आल्या. चार लोकांत कन्सोल असा उघडावाघडा कसा दाखवायचा? आत्याने हळूच खोळ चढवली आणि काच सरकवून घेतली. केतकीची नजर पडद्यावर होती.

शेवटच्या वळणावर पडदा काळा झाला.

या वेळी कन्सोल पुन्हा सुरू झालाच नाही. चिप डाखाच्या ज्या बारीक थेंबांनी खालच्या सर्किटच्या पाटीला जोडलेली असते, ते सारखे तापून आणि गार होऊन तडकले, असे दुरुस्तीच्या दुकानात कळले. संघातली जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली.

केतकी रडली नाही की भांडली नाही. तिने खोळ झटकली, घडी केली आणि आईच्या हातात दिली.

"ही ठेव," ती म्हणाली. "हिला काही झालेलं नाही."

तात्पर्य: झाकून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे, ज्याला जपायचे, त्याला काय लागते ते आधी विचारावे. आत्याला हे आता पुरते पटले आहे, आणि यापुढे ती कुठल्याही यंत्राला... आले, आत्या. ती हाक मारते आहे. त्याच मखमलीत इंटरनेटचा राउटर अगदी नीट बसेल म्हणे, आणि माप धरायला मी