पिंपळावर कोण बसलं?

फार फार जुनी गोष्ट. एका तळ्याकाठी पक्ष्यांचं राज्य होतं आणि मुखिया निवडायची त्यांची रीत मोठी गमतीची होती. प्रत्येक उमेदवार एकेक झाड निवडायचा. सूर्य बुडताना ज्याच्या झाडावर जास्त पक्षी बसलेले असतील, तो मुखिया.

त्या वर्षी पोपटाने पिंपळ निवडला, साळुंकीने वड.

तळ्याकाठी पोपट चिक्कार. त्यांचं मागणं एकच होतं. त्यांच्यातली एक म्हातारी मावशी पोपटाला म्हणाली, "बाबा रे, साळुंक्या आमच्या ढोल्या बळकावतात. अंडी घालायची कुठे? तेवढं सभेत बोल."

"मावशी, तुम्ही तर घरचेच! तुमचं नंतर बघू. आधी बाहेरचे जोडतो."

बाहेरचे जोडायला हवे होते, हे खरंच. पोपट कितीही असले तरी तेवढेच पुरे पडणारे नव्हते. म्हणून तो बदकांकडे गेला. चिखलावर बोलला, गोगलगायींवर बोलला. बदकांनी पंख आपटून "वा, वा!" केलं. स्वारी अशी खूश, की रोज तळ्यावरच! मावशी पुन्हा भेटायला आली, तर भेट नाही.

निवडीची संध्याकाळ आली. वडावर झाडून साऱ्या साळुंक्या बसल्या, त्यांच्या मागोमाग बुलबुल आणि चिमण्याही आल्या. पिंपळाखाली बदकांनी नुसता कल्ला केला.

"अहो, वर बसा की!" पोपट ओरडला.

"वर कसं बसणार? आमचे पाय पोहायचे, फांदी धरता येत नाही," बदकं म्हणाली. "तुम्ही विचारलंत कुठे?"

मग आपले पोपट गेले कुठे? तो धापा टाकत पेरूच्या बागेत पोचला. सगळे तिथेच, पेरू खात बसलेले.

"तुम्ही साळुंकीला मिळालात?"

"छे रे! तिच्याकडे कशाला जाऊ?" मावशी म्हणाली. "पण तुझ्याकडे तरी कशाला यायचं, तेच कुणाला कळेना. म्हणून बसलो इथेच."

तेवढ्यात सूर्य बुडाला.

साळुंकी मुखिया झाली. पुढच्या विणीच्या हंगामात उरलेल्या ढोल्याही गेल्या. पोपटाची गेली आणि मावशीचीही. पेरूच्या बागेत बसून राहिलेल्यांचं मला अजून नवल वाटतं, आणि वाईटही.

तात्पर्य: नवे सोबती जरूर जोडावेत, पण ज्यांच्या बळावर उभे आहोत त्यांना गृहीत धरू नये.