एकविसावी फेरी

कोल्हापुरातल्या, फुटबॉलचाही संघ बाळगणाऱ्या एका तालमीचे दौलू मास्तर लहान मुलामुलींना फुटबॉल शिकवीत. भजनात टाळ धरणारा हा गृहस्थ. आनंदावाचून साधना टिकत नाही, ही त्यांची श्रद्धा. म्हणून त्यांच्या सरावात शिवाशिवीचा खेळ असे. मात्र प्रत्येकाने चेंडू पायाशी राखूनच पळायचे.

एके सकाळी तालमीचे अध्यक्ष यशवंतराव सरनोबत मैदानावर अवतरले.

“मास्तर, ही तालीम हाय का जत्रा? उद्यापासनं मैदानाला वीस फेऱ्या. जमत नसंल, तर शिट्टी ठेवा आणि घरला जावा!”

मास्तरांनी नम्रपणे शिट्टी पुढे केली. “आताच घ्या, साहेब. आजचा सराव तेवढा तुमच्या हातानं थांबवा.”

अध्यक्षांनी रुबाबात शिट्टी फुंकली. घामाने निथळणारी पोरे त्यांच्याभोवती गोळा झाली. “साहेब, आणखी एकच डाव! एकच!”

मास्तर हात जोडून म्हणाले, “तासभर पळून पोरं आणखी पळायला मागत्यात, साहेब. वीस फेऱ्या मारून एकविसावी मागणारं पोर तुम्ही कधी बघितलंय?”

अध्यक्षांनी पोरांकडे पाहिले आणि शिट्टी मास्तरांच्या गळ्यात घातली.

“एकच डाव हं!” त्यांनी पोरांना बजावले.