ओला पट्टा

त्या किनाऱ्यावर कुणाचीच पाठ पक्की नव्हती. तिथले खेकडे पाठीने मऊ, शिजल्या भातासारखे. शंख मिळवायचा, त्यात पाठ घालायची आणि घर ओढत हिंडायचं, हीच तिथली रीत. ज्याचा शंख नव्या सालचा, त्याला वाळूवर आधी वाट मिळायची. जुना शंखवाला कडेकडेने जायचा.

शंख विकणारा मात्र एकटा चिंबोरा, वेगळ्या जातीचा खेकडा. त्याची पाठ जन्मापासून टणक. उभ्या आयुष्यात तो एका शंखात राहिला नव्हता, आणि शंखाचे गुण सगळ्यांना तोच सांगायचा. दर मोठ्या उधाणाला साल बदलायचं, आणि सालाबरोबर शंखाच्या तोंडावरच्या पट्ट्याचा रंग. गेल्या सालचा पट्टा निळा होता. त्या शंखांचं छप्पर पातळ निघालं. घार उचलायची, कातळावर टाकायची, शंखाचे दोन तुकडे व्हायचे आणि आतला जीव घारीच्या पोटात. अशी बरीच घरं गेली. मग चिंबोऱ्याने दवंडी पिटली की या उधाणाला लाल पट्टा येतोय, छप्पर दुप्पट जाड. घारी आणि पातळ छपराबद्दल तो एक शब्द बोलला नाही. कुणी विचारलंही नाही.

खेमा नावाचा एक म्हातारा खेकडा होता. त्याची बायको निळ्या पट्ट्यातच गेली होती. दोघांनी ठरवलं होतं, आता पुरे झालं, भूशिराच्या पलीकडे काय आहे ते बघून यायचं. कामासाठी नाही, नुसतं हिंडायला. बायको गेली, पण खेमाने बेत मोडला नाही. पलीकडची वाट उघड्या कातळावरून जायची आणि वर घारी असायच्या. म्हणून त्याने लाल पट्ट्याच्या शंखासाठी विसार देऊन ठेवला.

उधाण ओसरलं आणि खेकड्यांनी रांग धरली. ती रांगही अशीतशी नव्हे. सगळ्यात मोठा पुढे, त्याच्यामागे त्याहून लहान, असं करत शेवटी बोटाच्या पेराएवढा. पुढचा नव्या शंखात शिरला की त्याचा जुना मागच्याला, मागच्याचा त्याच्या मागच्याला. एकाने घर बदललं की सगळ्यांचं बदलायचं. त्यात चिंबोऱ्याचा एक नियम होता. नव्या शंखाला नांगी लावायची तर आधी जुना सोडायचा.

खेमा सगळ्यात पुढे. मागे त्याची भाची सगुणा. तिचा शंख तिला इतका तंग झाला होता की तिला धड श्वास घेता येत नव्हता. खेमाने आपला हिरव्या पट्ट्याचा शंख सोडला. तो वळेपर्यंत सगुणा त्यात शिरलीही, आणि मागे खडखड करत अख्खी रांग सरकली.

खेमाने नव्या शंखाच्या तोंडावर नांगी फिरवली. नांगी लाल झाली. रंग ओला होता. त्याने आणखी घासलं. खालून निळा निघाला.

"हा गेल्या सालचा आहे," खेमा म्हणाला.

"साल मी पट्टा मारतो तेव्हा सुरू होतं," चिंबोरा म्हणाला. "हा आज सकाळी मारलाय. याच्याइतका नवा शंख किनाऱ्यावर दुसरा नाही."

"आणि छप्पर?"

"आहे की! नाही असं कोण म्हणतंय?"

"दुप्पट जाड म्हणाला होतास."

"ते दवंडीत. दवंडी वेगळी, शंख वेगळा. घडण बदलायचा हक्क विकणाऱ्याचा असतो, खेमाजी. आजवर कुणाचं अडलं नाही."

रांगेत कुजबुज झाली. तक्रार खरी ठरली तर सगळ्यांना आपापल्या तंग शंखात परत जावं लागणार होतं. मागून एक जण ओरडला, "ओ म्हातारबा, शिरा की आत! शंखात राहायचंय का पट्ट्यात?"

दुसरा म्हणाला, "बायको गेल्यापासून ह्याला सगळं निळंच दिसतंय."

सगुणा हळूच म्हणाली, "मामा, तुमचा देऊ का परत?"

खेमाने तिच्याकडे बघितलं. कित्येक दिवसांनी ती मोकळा श्वास घेत होती. "राहू दे," तो म्हणाला. "तुला बसलाय."

तेवढ्यात वाळूवरून घारीची सावली गेली. चिंबोऱ्याने आवाज मऊ केला. "तुमच्यासारखे लई बघितलेत. उघड्या पाठीला वारा लागला की सगळ्यांना साल पटतं. चला, शिरा."

"तू शिर," खेमा म्हणाला. "घारीला टाकू दे. नाही फुटला तर जन्मभर तुझं गिऱ्हाईक."

"मी कशाला? मला पाठ आहे."

"मग गप बस."

आणि खेमा उघड्या पाठीने वाळूवरून चालायला लागला. कडेकडेने नाही, मधोमध. असं त्या किनाऱ्यावर कुणी केलं नव्हतं. वाट द्यावी की न द्यावी हे कुणाला कळेना, म्हणून सगळ्यांनी दिली.

उधाणाने आणून टाकलेल्या कचऱ्यात एक लहानशी अख्खी करवंटी पडली होती. उंदराने एक भोक पाडून आतलं खोबरं खाल्लं होतं. तिला पट्टा नव्हता, साल नव्हतं. खेमाने नांगीने ती आतून ठोकली, बाहेरून ठोकली आणि भोकातून पाठ आत घातली. रांग खदाखदा हसली. "करवंटी घेऊन निघाला! भूशिरावर भीक मागणार बहुतेक!"

खेमा कातळावर चढला तशी घार आली. तिने करवंटी पायांत धरली आणि वर वर नेली. हसू थांबलं. सगुणाने डोळे आत ओढून घेतले. घारीने करवंटी सोडली.

टण्ण!

करवंटी उडाली, गडगडली, एका खळग्यात जाऊन पडली. घार खाली उतरली, तिने चोच मारून बघितली, पुन्हा मारली आणि वैतागून निघून गेली. बराच वेळ काही हललं नाही. मग भोकातून एक नांगी आली. मग पाय आले. करवंटी जराशी डुगडुगली आणि भूशिराकडे चालायला लागली.

सगुणा रांगेतून बाहेर पडली. खडबडीत दगडाजवळ गेली आणि आपल्या शंखाचं तोंड त्यावर घासू लागली. हिरवा गेला. खाली पांढरा होता. तोही गेला. खाली करडा होता. तिने मान वर केली नाही, घासत राहिली. तिच्या शेजारी दुसरा येऊन घासायला लागला. मग तिसरा. बोटाच्या पेराएवढा होता त्यालाही जागा मिळाली.

करवंटी भूशिरापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा किनाऱ्यावर एकच आवाज होता, घासण्याचा. चिंबोरा कुंचला धरून उभा होता. पुढच्या सालासाठी कालवलेल्या पिवळ्या रंगावर साय धरली होती.