पाच सेकंद

"पण सर, दोन्हीकडे सेटिंगचं नाव तेच, आकडा तोच. मग चूक माझी कशी?"

आदिनाथ उपाध्येने लॅपटॉप मुलाणी सरांपुढे सरकवला. तंत्रनिकेतनातून सर निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, तरी अडलं की जुने विद्यार्थी त्यांच्याच ओसरीवर येत. आदिनाथ त्यांतला सगळ्यात हुशार. तसं तो स्वतःच सांगे.

"काय झालं ते सांग."

"पंपघराचा प्रोग्रॅम आहे. टाकीच्या मीटरला पाण्याची पातळी विचारतो. उत्तराची किती वाट पाहायची, ते सॉकेटला, म्हणजे मीटरशी बोलणाऱ्या जोडणीला, आधी सांगून ठेवावं लागतं. मी पाच सेकंद सांगितले. माझ्या लिनक्सच्या संगणकावर पाच सेकंदच. पंपघरात विंडोज... तिथं तेच पाच मिलिसेकंद म्हणून वाचले जातात. मीटर बोलायच्या आत प्रोग्रॅम 'उत्तर नाही' म्हणून मोकळा."

"हे कधी कळलं?"

"काल."

"आणि बिघाड कधीपासून?"

"दोन महिने."

सरांनी लॅपटॉप मिटला.

"मी अहवाल दिला होता," आदिनाथ हळू म्हणाला. "ऑपरेटर वायरी हलवते म्हणून."

"कोण ऑपरेटर?"

"प्रमिला वायदंडे म्हणून बाई आहेत. रोज फोन करायच्या. मीटर चालू आहे, तुमचा प्रोग्रॅमच उत्तरासाठी थांबत नाही, म्हणायच्या. मी म्हटलं, बाई, तुम्हाला यातलं काय कळतं..."

"मग?"

"त्यांना तिथून काढलं. आता उन्हात व्हॉल्व्ह फिरवतात."

त्याने घाईघाईने पिशवीतून दोन पानं काढली. "नवा अहवाल लिहिलाय. सगळं नीट समजावून."

सरांनी चष्मा लावला. शेवटापर्यंत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"यात विंडोज अकरा वेळा आलंय," सर म्हणाले. "वायदंडे कुठं आहेत?"

आदिनाथने पानं परत घेतली. चाळली. ते नाव कुठंच नव्हतं.

 मग तो पान उलटं करून कोऱ्या बाजूला लिहू लागला. बिघाड माझ्या प्रोग्रॅममध्ये होता. प्रमिला वायदंडे यांनी तो पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. मी ऐकलं नाही. त्यांना त्यांच्या जागी परत घ्यावं.

सरांनी वाचलं. मान हलवली.

"हा अहवाल पंपघराच्या साहेबांना देतो," आदिनाथ म्हणाला. "पण बाईंना..."

"भेटून ये."

"तिथं जाऊन काय बोलू, सर?"

सरांनी चष्मा काढला. घडी करून खिशात ठेवला.

"तू कशाला बोलतोस? त्या बोलतील."