उताणा पैलवान आणि वकिलांची सनद

सोनवडी संस्थानचे राजेसाहेब गावकऱ्यांविरुद्धचा गायरानाचा खटला हरले आणि असे भडकले, की त्यांनी भर दरबारात हुकूम सोडला. "वकिलांची सनद ठेवायची की काढायची, हे आजवर वकिलांचं मंडळ ठरवायचं. उद्यापासून आमचे मेहुणे ठरवतील!"

गावकऱ्यांच्या वकील चंद्राबाई हेर्लेकर हात जोडून म्हणाल्या, "जशी आज्ञा, सरकार. मग आजच्या जत्रेतही कुठल्या पैलवानाला पुढे खेळू द्यायचं, ते मेहुणेसाहेबांनाच ठरवू द्या."

राजेसाहेब खुशीत हो म्हणाले.

संध्याकाळी राजेसाहेबांचा लाडका पैलवान राणबा शड्डू ठोकत आखाड्यात उतरला. समोर आला भिवा. त्यानं आखाड्याकाठी खुर्ची टाकून बसलेल्या मेहुण्यांकडे एकदा पाहिलं, लाल मातीला नमस्कार केला आणि आपणहून पाठ टेकवून उताणा झोपला.

"अरे, लढ की!" राणबा ओरडला.

"तुला पाडलं तर हे साहेब मला पुन्हा आखाड्यात पाऊल टाकू देतील होय? त्यापेक्षा हे बरं," भिवा पडल्या पडल्या म्हणाला.

मैदान खदखदून हसलं. राणबानं विजेता म्हणून हाती आलेली गदा राजेसाहेबांच्या पायाशी ठेवली. "सरकार, असली जीत मला नको."

राजेसाहेबांनी चंद्राबाईंकडे रागानं पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सरकार, उद्या कोर्टात तुमच्यासमोर वकील असेच झोपतील. तुम्ही प्रत्येक खटला जिंकाल, पण तुम्ही जिंकलात असं एकही माणूस म्हणणार नाही."

राजेसाहेबांनी तिथंच हुकूम मागे घेतला. मेहुणे खुर्चीवरून उठले, तसा भिवाही मातीतून उठला आणि त्यानं दणदणीत शड्डू ठोकला.