हौसा कुंभारणीचं 'आता'

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. पाथरटेंभीत तेव्हा एकच विहीर होती आणि तीही उन्हाळ्यात आटायची. त्या गावात हौसा कुंभारीण राहायची. मडकी ठीकठाकच करायची, पण गोष्ट सांगावी तर तिनंच. सुरुवातीला सगळं 'होता', 'होती'. राजा होता, रान होतं, वाघ होता. ऐकणारे निवांत शेंगा फोडत बसायचे. मग ती मांडीवर थाप मारून म्हणायची, "आता!" आणि तिथून पुढं काहीच जुनं राहायचं नाही. गवत हलतंय, वाघ येतोय, त्यानं उडी घेतलीय. एकदा त्या उडीसरशी गोठ्यातली गुरं दावी तोडून पळाली, असं म्हणतात. शेजारच्या गावांतही गोष्टी सांगणारे होते, नाही असं नाही. पण त्यांच्या वाघाला कधी शेळीसुद्धा घाबरली नाही.

एका उन्हाळ्यात गावानं दुसरी विहीर खोदायला घेतली. गेनू तळाशी खोदत होता आणि वरून दरड कोसळली. धोंडे एकमेकांत अडकले, त्यांच्याखाली गेनू जिवंत राहिला. त्याची हाक वर येत होती. नामा आणि गावातले बाकीचे गडी उतरून दगड उपसू लागले. दुपार कलली आणि हाक थांबली. त्यांनी पुन्हा पुन्हा साद घातली, उत्तर नाही. एकेकाचे हात ढिले पडले. काठावर कुणीतरी म्हणालं, "लई गुनाचा व्हता."

ते 'व्हता' ऐकलं आणि गेनूची बायको सुंद्रा मटकन खाली बसली. एका म्हातारीनं बांगड्या फोडायला तिचा हात धरला.

"हात सोड तिचा!" हौसा गरजली. "व्हता कोन म्हनलं? माजी गोष्ट अजून सुरू बी न्हाई झाली."

ती काठावर बसली, पाय आत सोडले आणि खाली वाकून सांगू लागली. "गेनू, तुजा बाप हिरी खनायचा. तू एवढासा व्हतास. भाकरी घेऊन जायचास आन् वरनं वाकून बगायचास." असं करत करत ती त्याच्या लग्नापर्यंत आली. थकलेले गडीही ऐकत उभे राहिले. मग मांडीवर थाप पडली.

"आता! आता गेनू तोंडावरची माती फुंकतोय. आता नामा पहार घालतोय. आता धोंडा हलतोय!"

आणि बघा, नामा खरंच पहार घालतोय. ती हातात कधी आली, त्याचं त्यालाही कळलेलं नाही. सगळे रेटतायत. धोंडा हलतोय. सूर्य डोंगराला टेकलाय, पण हौसाची गोष्ट संपेना म्हणून तोही तिथंच थांबलाय, असं म्हणतात. आमच्या गावात यावर कुणी वाद घालत नाही. हौसा सांगतेय, "आता गेनू नवरदेव झालाय. गाडीत बसलाय. आन् वेशीतच गाडीतनं पालथा पडतोय!"

तेवढ्यात दगडांखालून बारीक आवाज येतो.

"पडलो न्हवतो, हौसाआत्या. बैल उधळला व्हता."

सुंद्रा हसत हसत रडायला लागते. हौसा मात्र डोळे पुसत खाली ओरडते, "मग नीट सांग की मला, कसं झालं त्ये!" आणि तो सांगत राहतो. धोंडा निघतो, हात दिसतो, आणि गावातले गडी गेनूला खांद्यावर घेऊन वर येतात.

त्या विहिरीला पुढं असं पाणी लागलं की आजवर आटलं नाही. आणि आजही पाथरटेंभीत कुणी गाळ काढायला विहिरीत उतरलं, की हौसाच्या नावानं एक जण काठावर बसतो आणि खाली ऐकू जाईल अशी गोष्ट सांगतो. त्या जागेसाठी भांडणं होतात. गोष्ट कुठलीही चालते, चूक असली तर उत्तमच, खालचे लोक ओरडून दुरुस्त करतात. सांगणाऱ्याच्या घशाला कोरड पडते, तरी खाली माणूस असेपर्यंत शेवट सांगायचा नाही. इतकी वर्षं झाली, आमच्या विहिरींनी एकही माणूस ठेवून घेतलेला नाही.