झरजाईचे पेंढ्याचे वस्त्र

कोंडथळच्या झरजाईला वर्षभर रंगीत लुगडी नेसवतात, नवरात्रात तर रोज नवे. पण भाऊबिजेला या देवळात आलात, तर आईच्या अंगावर सुताचा धागासुद्धा दिसणार नाही. त्या दिवशी ती नव्या भाताच्या पेंढ्याचे वस्त्र नेसते. गावातले भाऊ सकाळपासून ओट्यावर बसून पेंढ्याच्या वेण्या घालतात. बाहेरचे लोक बघत राहतात. कुणाला वाटते, गाव गरीब असेल. मग दगडूआबा गुरव त्यांना देवळाजवळच्या झऱ्याच्या पायरीवर बसवतात आणि भिवराची हकीकत सांगतात. आबांनी ती आजीकडून ऐकली, आजीने तिच्या सासूकडून.

भिवरा या गावची सून. तिचे माहेर घाटापलीकडे, आडवलीला. आईबाप लवकर गेले. गेनू नावाचा धाकटा भाऊ तेवढा उरला, आणि त्याला तिनेच कडेवर वागवून मोठा केला. ती लग्न होऊन इकडे आली, तो तिकडे लोकांची गुरे राखू लागला.

त्या काळी कोंडथळात भाऊबिजेची संध्याकाळ फार अवघड असे म्हणे. भावांना ओवाळून झाले की बायका मिळालेली ओवाळणी सुपात घालून देवळाच्या ओट्यावर जमायच्या. कुणाच्या सुपात लुगडे, कुणाच्या चोळीचा खण, कुणाच्या चांदीची जोडवी. सगळ्याजणी हात लावून पारखायच्या. “भावानं काय घातलं?” एवढा एकच प्रश्न ओटाभर फिरायचा. ज्यांच्याकडे दाखवण्याजोगे काही नसे, त्या डोके दुखते म्हणून घरी राहायच्या, आणि का राहिल्या ते साऱ्या गावाला कळायचे.

एका वर्षी गेनूने भिवराला शिंके आणले. पावसाळाभर गुरांमागे बसून त्याने घायपाताचा वाख सोलला होता, पिळला होता आणि मडके टांगायचे शिंके वळले होते. खाली वाखाचीच चिमण्यांची जोडी गुंफली होती. लोण्याचे मडके यात टांग, मांजराला काही मिळायचे नाही, असे तो म्हणाला. भिवरा हसली. तिला ते मनापासून आवडले होते, असे सांगतात.

ओट्यावर मात्र तिची थोरली जाऊ यसू हिने ते सुपातून उचलून सगळ्यांना दाखवले. “भावानं दावं घातलंय बघा,” ती म्हणाली. “आता बहिणीनं गोठ्यात जाऊन उभं राहायचं.” बायका हसल्या. त्यात भिवराच्या बरोबरीच्या, तिच्याशी रोज पाण्याला जाणाऱ्याही होत्या.

भिवरा तरातरा घरी आली आणि तिने ते शिंके चुलीत घातले. वाख कोरडा होता, भडकन पेटला. तिने मान वर केली तर दारात गेनू उभा. घोंगडी विसरली म्हणून तो घाटाच्या पायथ्यापासून परत आला होता. त्याने चुलीकडे पाहिले. कोपऱ्यातली घोंगडी उचलून खांद्यावर टाकली.

“पुढल्या साली लुगडं आणीन, आक्का,” तो म्हणाला आणि गेला.

त्याच्यामागे धावावे असे तिच्या फार मनात आले. पण अंगणात यसू आली होती. भिवरा उठली नाही.

पुढच्या नवरात्रात झरजाईच्या पेटीतले एक हिरवे जरीकाठी लुगडे नाहीसे झाले. पेटीची किल्ली शंभू गुरवाकडे असे, म्हणून आळ त्याच्यावर आला. त्याने समईवर हात धरून शपथ घेतली, तरी गावाने मानले नाही. त्याच्या घराशी विस्तव बंद झाला, पाणी बंद झाले. एका सकाळी त्याने गाभारा झाडला, केरसुणी दाराआड ठेवली आणि तो कुठे निघून गेला ते कुणालाच कळले नाही. त्याची बायको राही मागे राहिली. दिवाबत्ती तीच करी, पण तिच्या हातचे तीर्थ कुणी घेत नसे.

आणि भाऊबिजेला गेनू आला. वाळलेला, डोळे पिवळे पडलेले. त्याने भिवराच्या ताटात हिरवे जरीकाठी लुगडे ठेवले. ओवाळताना त्याने एकदाही वर पाहिले नाही. हे घरातच नेस, असे तो दोनदा बोलला, पण भिवराचे लक्ष नव्हते. वर्षभर खाली गेलेली मान आज वर होणार होती. ती तेच लुगडे नेसून ओट्यावर गेली. यसूनेसुद्धा सरकून तिला जागा दिली.

तसली हिरवी लुगडी बाजारात मिळत, आणि आईचे लुगडे गावाने पाहिलेले ते लांबूनच. जवळून ओळखणारी आता एकटी राही होती. ओट्यावरच्या समईत तेल घालायला ती बाहेर आली आणि भिवराच्या पदरापाशी थांबली. उदबत्तीची ठिणगी पडून तिथे भोक पडले होते, ते राहीने स्वतः रफू केले होते. तिने पदर हातात घेतला, टाक्यांवरून अंगठा फिरवला. ती ओरडली असती तर तिचा नवरा तिथल्या तिथे निर्दोष ठरला असता.

“भावानं घातलं?” तिने हळूच विचारले.

भिवराने मान डोलावली. राहीने पदर सोडला आणि ती तेलाची बुधली घेऊन आत गेली. तेव्हा कुठे भिवराने पदराकडे पाहिले आणि तिला ते टाके दिसले.

घरी गेनू ओसरीवर बसला होता. भिवराने विचारताच त्याने काही लपवले नाही. तो बंदरावर हमाली करायला गेला होता. हिवतापाने सगळी कमाई खाल्ली. परतताना आईपाशी रडायला म्हणून देवळात शिरला, तर गाभाऱ्यात कुणी नव्हते आणि पेटी उघडी होती.

“तिच्यापाशी पुष्कळ होती, आक्का,” तो म्हणाला. “आन् मला सारखी तुझी चूल दिसत होती.”

शंभू गुरवाचे काय झाले ते त्याला ठाऊकच नव्हते. ते भिवराने सांगितले. गेनूला पळून जायला घाटाची वाट मोकळी होती. राहीच्या बोलण्यावर गावाने विश्वास ठेवला नसता.  पण भिवराने आत जाऊन जुनेर नेसले, ते लुगडे घडी करून काखेत घेतले, आणि लहानपणी धरायची तसा भावाचा हात धरला.

ओट्यावर बायका अजून होत्या, पुरुषही जमले होते. भिवराने घडी पायरीवर ठेवली.

“चोरी ह्यानं केली. करायला लावली मी. ह्यानं स्वतःच्या हातानं केलेली ओवाळणी मी चुलीत घातली होती.”

गाव खवळले. ज्या हाताने उचलले तो हात मोडा, असे ठरू लागले. कुणीतरी म्हणाले, नुकसान राहीचे झाले, तिला विचारा. राही दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“लुगडं ह्यानं नेलं,” ती म्हणाली. “माझा धनी तुम्ही नेलात. किती हात मोडायचे?”

हात मोडायचे तिथेच राहिले.

माणसाने नेसलेले लुगडे आईला चालणार नव्हते. पेटीतलेही दुसरे काढायला राहीने नकार दिला. ती म्हणाली, या पोराने आपल्या हाताने काहीतरी करून आईला घालावे. खळ्यावर नव्या भाताचा पेंढा पडला होता. गेनू तिथेच बसला आणि वेण्या घालू लागला. पेंढ्याच्या पात्यांनी त्याची बोटे चिरली. थोड्या वेळाने यसू उठली आणि त्याला पेंढा निवडून देऊ लागली. ते वस्त्र आईला नेसवले, आणि म्हणे पुढची दिवाळी येईपर्यंत उंदरांनी त्याला तोंड लावले नाही.

गुरवाला शोधून घेऊनच येतो, असे राहीला सांगून गेनू निघाला. तो परत आला नाही. शंभूही आला नाही. कुणी सांगतात, दोघे नदीकाठच्या एका देवळात एकमेकांना धरून राहिले. कुणी तसे सांगत नाहीत.

भिवरा दर भाऊबिजेला ताट घेऊन घाटाच्या तोंडाशी उभी राही. कोर मावळायला आली की चंद्रालाच ओवाळून घरी येई. एकदा गावात नव्याने आलेल्या एका सुनेने न कळून तिला विचारले, भावानं काय घातलं म्हणून. “काही नको होतं गं,” भिवरा म्हणाली. “आला असता म्हणजे झालं होतं.”

आजही कोंडथळात भाऊबिजेला विकतची ओवाळणी चालत नाही. चाकणच्या कंपनीत कामाला असलेले भाऊ आदल्या दिवशी एसटीने येतात आणि वडीलधाऱ्यांच्या शिव्या खात शिकतात. कुणी कळकाची रवी करतो, कुणी लोंब्यांचे तोरण. पुष्कळदा ते वेडेवाकडेच होते. बहीण ते पदराआड घेते, चारचौघीत दाखवत नाही. आणि बाहेरच्या एखाद्या बाईने विचारलेच, की भावानं काय घातलं, तर इथल्या बायका एवढेच उत्तर देतात:

“आला होता.”